ऑफिसमधलं राजकारण नेमकं चालतं कसं? सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवांपासून आजच्या बदल्यांपर्यंत

बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला लोक जातात ते राजमाता जिजाऊंचं जन्मस्थान बघायला. राजवाडा बघून झाला की बरेच जण तिथूनच परत फिरतात. पण याच गावात एक भव्य दगडी समाधी आहे. ती जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांची.

लखुजीराव, त्यांची दोन मुलं अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव हे चौघं एकाच दिवशी मारले गेले. साल होतं १६२९, महिना जुलै. हे रणांगणावर घडलं नाही. देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात ते मुजऱ्याला गेले होते आणि तिथेच त्यांच्यावर घाला घालण्यात आला. आजच्या भाषेत सांगायचं, तर साहेबाच्या केबिनमध्ये.

आज कुणी कुणाच्या केबिनमध्ये तलवार उपसत नाही. आता बदली होते, सीआर खराब होतो, प्रमोशनची फाइल तीन महिने एकाच टेबलावर पडून राहते, सुटीचा अर्ज सापडत नाही. हत्यारं बदलली. पण कुणाच्या हातात किती ताकद आहे, ती कुठून आली आणि ती टिकवायला कोण काय करतं, हे प्रश्न तेच राहिले. ऑफिस पॉलिटिक्स म्हणतात ते हेच. ते काय असतं, का होतं, आणि त्यात अडकलेल्या माणसाने काय करावं, हे समजून घेऊ.

सत्ता वेगळी, राजकारण वेगळं

रोजच्या बोलण्यात हे दोन शब्द एकच समजले जातात. अभ्यासक मात्र त्यात फरक करतात.

सत्ता म्हणजे दुसऱ्याच्या वागण्यावर परिणाम करता येण्याची ताकद. ती वापरली नाही तरी असते. राजकारण म्हणजे ती ताकद मिळवण्यासाठी, वाढवण्यासाठी किंवा वापरण्यासाठी केलेल्या अशा हालचाली, ज्या नेमणुकीच्या आदेशात किंवा नियमांच्या पुस्तकात लिहिलेल्या नसतात.

१९७७ मध्ये ब्रॉन्स्टन मेज आणि रॉबर्ट अ‍ॅलन या अमेरिकन अभ्यासकांनी याची एक सोपी कसोटी दिली. संस्थेला मान्य नसलेली गोष्ट साधण्यासाठी वजन वापरलं, तर ते राजकारण. आणि मान्य असलेलीच गोष्ट अमान्य मार्गाने साधली, तर तेही राजकारण.

उदाहरण घेऊ. एका मुख्याध्यापकाला शाळेसाठी नवीन वर्गखोली हवी आहे. त्याने रीतसर प्रस्ताव पाठवला आणि पाठपुरावा केला, तर ते काम झालं. प्रस्ताव तसाच ठेवून त्याने एका वजनदार माणसाकडून वरच्या साहेबांना फोन करवला, तर हेतू चांगला असला तरी मार्ग राजकारणाचा झाला. आणि खोली बांधायचा ठेका मेहुण्याला मिळावा म्हणून सगळा खटाटोप केला, तर हेतूही गेला आणि मार्गही गेला.

म्हणजे ऑफिसमधलं सगळंच राजकारण सारख्या वजनाचं नसतं. चांगल्या कामासाठी चार लोकांना आधी भेटून त्यांचं मत तयार करणं आणि सहकाऱ्याच्या नावाने निनावी अर्ज टाकणं, या दोन गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत.

ताकद येते कुठून? खुर्ची हा फक्त एक झरा

जॉन फ्रेंच आणि बर्ट्राम रेव्हन यांनी १९५९ मध्ये सत्तेचे पाच उगम सांगितले. पुढे रेव्हन यांनी त्यात सहावा जोडला. आजही व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात सुरुवात इथूनच होते. जिल्ह्यातल्या कुठल्याही ऑफिसमध्ये नजर फिरवली तर हे सहाही सापडतात.

पहिला, पदाची ताकद. तहसीलदार, शाखा व्यवस्थापक, मुख्याध्यापक यांचं म्हणणं ऐकलं जातं, कारण त्यांच्या सहीला किंमत आहे. बदली झाली की ही ताकद खुर्चीतच राहते, माणसासोबत जात नाही. कालपर्यंत ज्यांच्या दाराशी गर्दी असायची, त्यांना निवृत्तीनंतर फोन येईनासे होतात ते यामुळेच.

दुसरा, देण्याची ताकद. सोयीचं टेबल, ट्रेनिंगला नाव, चांगला शेरा, सुटीची मंजुरी. देणारा हात ज्याचा, त्याच्याभोवती माणसं असतात.

तिसरा, शिक्षेची ताकद. मेमो, वेतनवाढ रोखणं, लांबची बदली. ही ताकद लवकर परिणाम दाखवते. पण भीतीने काम करणारा माणूस सांगितलं तेवढंच करतो, आणि साहेबाची पाठ वळली की तेही सोडतो.

चौथा, जाणकारीची ताकद. सर्व्हर बंद पडला की ज्याला हाक मारली जाते तो कंत्राटी संगणक चालक. पद सगळ्यांत खालचं, पण मार्चअखेरीला साहेबही त्याच्याशी जपून बोलतात.

पाचवा, माणुसकीतून आलेली ताकद. काही जणांकडे ना पद असतं ना अधिकार, तरी ऑफिस त्यांचं ऐकतं. लग्नकार्यात, आजारपणात ते उभे राहिलेले असतात. लोक त्यांच्या शब्दाला मान देतात.

सहावा, माहितीची ताकद. कुठली फाइल कुठे आहे, जुना जीआर कुठला, वर काय शिजतंय हे ज्याला ठाऊक, त्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही. जुन्या गावगाड्यात पाटलाकडे मान होता, पण दप्तर होतं कुलकर्ण्याकडे. वऱ्हाडात त्याला पांड्या म्हणत. हुकूम पाटलाचा, आणि जमिनीची नोंद मात्र पांड्याच्या वहीत. दोघांपैकी कोण मोठा, याचं उत्तर गावागणिक बदलायचं.

सगळ्यांत खालच्या माणसाचं वजन कधीकधी जास्त का असतं?

याचं उत्तर फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मिशेल क्रोझिए यांच्या अभ्यासात आहे. १९६० च्या दशकात त्यांचं नोकरशाहीवरचं पुस्तक आलं. त्यात फ्रान्समधल्या सरकारी तंबाखू कारखान्यांचं निरीक्षण आहे. त्या कारखान्यांत सगळं नियमाने ठरलेलं होतं. कोण काय करणार, किती करणार, बढती कधी मिळणार, सगळं लिहिलेलं. फक्त एक गोष्ट नियमात बसत नव्हती. मशीन कधी बंद पडेल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्यामुळे कारखान्यात सगळ्यांत जास्त वजन होतं मशीन दुरुस्त करणाऱ्यांचं. त्यांनी ते वजन जपूनही ठेवलं. दुरुस्तीचं ज्ञान ते आपल्यातच ठेवायचे, यंत्रांचे नकाशे आणि सूचना इतरांच्या हाती लागू द्यायचे नाहीत.

क्रोझिए यांनी यातून काढलेला निष्कर्ष असा: संस्थेत जिथे अनिश्चितता असते, तिथे ती आटोक्यात ठेवणाऱ्याकडे सत्ता जाते. आपल्याकडे कामासाठी आलेला माणूस शिपायाला किंवा बाबूला आधी विचारतो, "साहेब आहेत का? मूड कसा आहे? फाइल कुठवर आली?" साहेब कधी भेटतील ही अनिश्चितता आहे, आणि तिची किल्ली दाराशी बसलेल्या माणसाकडे आहे. ऑफिसमध्ये माहिती जितकी बंद, तितकी ही किल्ली महाग होते. फाइलची स्थिती ऑनलाइन दिसायला लागली की ती आपोआप स्वस्त होते.

लखुजी जाधवांच्या दरबारात काय घडलं?

आता परत निजामशाहीकडे. कारण सत्तेचे हे सगळे प्रकार तिथे एकाच ठिकाणी दिसतात.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाहीत तख्तावर सुलतान होता, पण कारभार होता मलिक अंबरच्या हातात. मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस युद्धाची आणि कारभाराची जाण या बळावर वर चढला आणि जवळपास पाव शतक त्याने मोगलांना दख्खनमध्ये थोपवून धरलं. पदाची ताकद सुलतानाकडे आणि जाणकारीची ताकद अंबरकडे, अशी ही वाटणी होती.

त्याच दरबारात मोठे मराठा सरदार होते. सिंदखेडचे जाधव त्यांतले प्रमुख. त्यांची ताकद नुसत्या पदातून आलेली नव्हती. देशमुखी होती, स्वतःचं घोडदळ होतं, मुलूख ओळखीचा होता. दुसरीकडे वेरूळचे भोसले वर येत होते. जिजाऊंच्या लग्नाने दोन्ही घराणी सोयरी झाली होती. तरी दरबारात दोघांत चुरस होतीच.

शिवभारतात आणि बखरींत खंडागळे यांच्या हत्तीचा प्रसंग येतो. दरबार संपून सरदार बाहेर पडत असताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला. त्याला आवरण्यावरून मारामारी सुरू झाली. जाधव एका बाजूला, खंडागळ्यांच्या मदतीला आलेले भोसले दुसऱ्या बाजूला. त्यात लखुजींचा मुलगा दत्ताजी गेला आणि शहाजीराजांचा चुलतभाऊ संभाजीही गेला. कारण काय, तर बिथरलेला हत्ती. पण जिथे आधीच गट पडलेले असतात, तिथे भांडायला कारण मोठं लागत नाही. ऑफिसमध्ये एसीच्या रिमोटवरून किंवा पार्किंगच्या जागेवरून पेटलेली भांडणं आठवली, तर हे लगेच पटेल.

लखुजीराव १६२१ च्या सुमारास मोगलांकडे गेले. मोगलांनी त्यांना आणि त्यांच्या घराण्याला मोठ्या मनसबी दिल्या. म्हणजे बाजारात त्यांची किंमत जास्त होती आणि निजामशाहीला ते माहीत होतं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले. पण त्यानंतर वर्षभरातच तेही निजामशाही सोडून आदिलशाहीत गेले.

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला. इतकी वर्षं एका माणसाने सांभाळलेला तोल गेला. अंबरचा मुलगा फतेहखान याला सुलतानाने कैदेत टाकलं, हमीदखान या सरदाराचं वजन वाढलं, आणि दरबारात कुणाचा कुणावर विश्वास राहिला नाही. लखुजीराव या काळात पुन्हा निजामशाहीकडे वळले होते. पण एकदा सोडून गेलेला आणि परत आलेला माणूस म्हणजे साहेबाच्या मनात कायमची पाल. संशय पेरायला तेवढं पुरलं. शेवट काय झाला ते वर आलंच आहे.

घाव एकाला, परिणाम सगळ्या दरबारावर

निजामशहाला वाटलं असेल की एक डोईजड सरदार संपला. घडलं ते उलट.

जाधवांचं उरलेलं कुटुंब सिंदखेडला निघून आलं आणि मोगलांना जाऊन मिळालं. शहाजीराजे त्या वेळी निजामशाहीत होते. लखुजी त्यांचे सासरे, पण दरबारातले प्रतिस्पर्धीही. तरी त्यांनी यातला अर्थ ओळखला. १६३० मध्ये तेही निजामशाही सोडून मोगलांकडे गेले. बिथरलेल्या सुलतानाने फतेहखानाला कैदेतून काढून पुन्हा कारभार दिला. फतेहखानाने सुलतानालाच कैद करून मारलं आणि एका लहान मुलाला गादीवर बसवलं. १६३३ मध्ये देवगिरी मोगलांच्या हातात गेली. पुढे शहाजीराजांनी आणखी एका बालराजाच्या नावाने निजामशाही चालवायचा प्रयत्न केला, पण १६३६ मध्ये ती कायमची बुडाली. म्हणजे लखुजीरावांच्या हत्येपासून अवघ्या सात वर्षांत.

राज्य बुडायला एकच कारण नव्हतं. मोगलांची ताकद होती, दुष्काळ होता. पण ज्यांच्या जोरावर राज्य उभं होतं ती माणसं आधीच निघून गेली होती.

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये यावर एक सिद्धांत मांडला. संस्था बिघडायला लागली की माणसापुढे दोन रस्ते असतात. एक, बोलणं. दुसरा, सोडून जाणं. संस्थेबद्दलची निष्ठा माणसाला लगेच सोडू देत नाही, आधी बोलायला लावते. पण बोलणाऱ्यालाच शिक्षा झाली, तर उरलेले बोलत नाहीत. ते शांतपणे दुसरीकडे अर्ज करतात. यातही आधी जातात ते ज्यांना बाहेर किंमत आहे ते. मागे राहतात ज्यांना जाता येत नाही ते, आणि ज्यांना या गोंधळातच फायदा आहे ते.

ऑफिसमध्ये कुठले डाव खेळले जातात?

१९८० मध्ये डेव्हिड किपनिस आणि सहकाऱ्यांनी नोकरदारांना विचारलं, की तुम्ही साहेबाला, सहकाऱ्याला किंवा हाताखालच्याला आपलं म्हणणं कसं पटवता. उत्तरांतून काही ठरावीक पद्धती पुढे आल्या. मराठी ऑफिसात त्यांची नावं वेगळी आहेत, एवढंच.

गोड बोलणं, म्हणजे हरबऱ्याच्या झाडावर चढवणं. आकडे आणि मुद्दे मांडून पटवणं. देवाणघेवाण, म्हणजे "तुम्ही माझी ड्युटी करा, मी तुमची मार्चएंड सांभाळतो." जोर लावणं, म्हणजे वारंवार मागे लागणं किंवा आवाज चढवणं. वरच्याकडे जाणं, म्हणजे थेट साहेबांच्या साहेबांना भेटणं. गट बांधणं. आणि अडवणूक, म्हणजे काम नाकारायचं नाही, फक्त पुढे सरकू द्यायचं नाही.

यांतली पहिली दोन-तीन सगळेच वापरतात आणि त्यात काही गैर नाही. धोक्याचे डाव वेगळे. माहिती मुद्दाम अर्धी देणं. मीटिंगचा निरोप एकालाच न देणं. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव लावणं. चूक झाली की तोंडी आदेश नाकारणं. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपशेजारी, एक माणूस वगळून दुसरा ग्रुप काढणं.

बदली: जिल्ह्यातलं सगळ्यांत मोठं हत्यार

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात सरकारी नोकरी हा मोठा आधार आहे. इथे ऑफिसच्या राजकारणाचा विषय निघाला की गाडी शेवटी बदलीवर येते.

कारण भूगोल. जिल्ह्यात १३ तालुके. लोक त्याचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. मोताळा घाटाच्या पायथ्याशी. देऊळगावराजाला घर असलेल्या माणसाला सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात पोस्टिंग मिळालं, की रोजचं जाणं-येणं अशक्य. पगार तोच, पद तेच, कागदावर शिक्षा कुठेच नाही. पण मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईवडिलांचं औषधपाणी, बायकोची नोकरी, सगळं विस्कटतं. शिक्षा न म्हणता शिक्षा करता येते, म्हणून बदली हे हत्यार इतकं धारदार आहे.

रॉबर्ट वेड यांनी १९८० च्या दशकात दक्षिण भारतातल्या पाटबंधारे खात्याच्या अभ्यासातून दाखवलं, की सोयीच्या जागांचा बाजार तयार झाला की त्याचा भार शेवटी शेतकऱ्यावर पडतो. जागेसाठी पैसे मोजलेला माणूस ते कुठून तरी वसूल करतो. लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी यांनी २०१२ मध्ये आयएएस अधिकाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. राज्यात मुख्यमंत्री बदलला की अधिकाऱ्यांच्या बदल्या वाढतात, असं त्यांना दिसलं. चांगल्या जागेवर पोहोचायचे रस्तेही दोन दिसले: एक कौशल्याचा, दुसरा निष्ठेचा. दुसरा रस्ता चालतो हे एकदा कळलं, की तरुण अधिकारी पहिल्यावर मेहनत कशाला घेतील, हा खरा प्रश्न आहे.

या हत्याराला म्यान घालायचे प्रयत्न झाले. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यानंतर महाराष्ट्राने बदल्यांचं विनियमन आणि दफ्तर दिरंगाईला प्रतिबंध करणारा कायदा आणला. तो २००५ चा बदल्यांचा कायदा म्हणून ओळखला जातो. त्यानुसार साधारण पदावधी ३ वर्षांचा. नियमित बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात. त्याआधी किंवा अधेमधे बदली करायची, तर कारण लेखी नोंदवायचं आणि वरच्या सक्षम अधिकाऱ्याची आधी मंजुरी घ्यायची. याच कायद्यात फाइल एका टेबलावर ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, अशीही तरतूद आहे. म्हणजे बदली आणि अडवणूक, दोन्ही डाव एकाच कायद्यात पकडलेले आहेत.

३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमण्यम खटल्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, आदेशाची लेखी नोंद व्हावी. बदल्यांची शिफारस करायला नागरी सेवा मंडळं असावीत, असंही न्यायालयाने सांगितलं.

कॉम्प्युटरने राजकारण संपवलं का?

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत एक मोठा प्रयोग झाला. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्या ऑनलाइन करायचं ठरलं. गावांची विभागणी अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र अशी झाली. शिक्षकांचे चार संवर्ग ठरले. पहिल्यात गंभीर आजार, दिव्यांगत्व अशी विशेष कारणं असलेले. दुसऱ्यात एकमेकांपासून ३० किलोमीटरपेक्षा लांब नोकरी करणारे पती-पत्नी. तिसऱ्यात अवघड क्षेत्रात ठरावीक काळ काढलेले, म्हणून बदलीचा अधिकार मिळालेले. चौथ्यात एकाच क्षेत्रात बरीच वर्षं झालेले, म्हणून बदलीस पात्र ठरलेले. शाळांची पसंती भरायची आणि सॉफ्टवेअर यादी काढणार.

चिठ्ठ्या, फोन, पुढाऱ्यांच्या घरी चकरा, याला मोठा चाप बसला. वर्षानुवर्षं दुर्गम शाळेत राहिलेल्या आणि कुणाशी ओळख नसलेल्या शिक्षकाला पहिल्यांदा हक्काने गाव मिळालं.

पण राजकारण नाहीसं झालं नाही, त्याने जागा बदलली. आधी भांडण व्हायचं "कुणाला कुठे टाकलं" यावर. आता ते व्हायला लागलं "निकष काय" यावर. कुठलं गाव अवघड ठरवायचं? अंतर कुठल्या रस्त्याने मोजायचं? एकाने पसंतीची शाळा घेतली की तिथल्या दुसऱ्याला खो बसायचा. तो विस्थापित व्हायचा आणि रँडम राऊंडमध्ये कुठेही जायचा. खोटी माहिती आणि संशयास्पद प्रमाणपत्रं दिल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या, पडताळण्या कराव्या लागल्या. २०२१ मध्ये धोरण नव्याने आलं.

क्रोझिए यांचं निरीक्षण इथेही लागू पडतं. नियमाने एक अनिश्चितता बंद केली की सत्ता उरलेल्या अनिश्चिततेकडे सरकते. तरी फरक पडतोच. निकषांवरचं भांडण उघड्यावर होतं, त्यावर हरकत घेता येते, कोर्टात जाता येतं. बंद दाराआड झालेल्या फोनवर हरकत कशी घेणार?

राजकारण कुठे जास्त वाढतं?

सगळ्या ऑफिसांत ते सारखं नसतं. ते वाढायची काही कारणं ठरलेली आहेत.

जागा कमी आणि इच्छुक जास्त असले की. नियम धूसर असले की. काम मोजायची पद्धत नसली की, कारण मग काम करण्यापेक्षा काम करताना दिसणं महत्त्वाचं होतं. नवा साहेब आला की, कारण जुनी गणितं मोडतात. एकाच माणसाच्या खांद्यावर सगळा तोल असला आणि तो माणूस गेला की. मलिक अंबरनंतर निजामशाहीत हेच झालं, आणि चालवणारा संस्थापक गेल्यावर अनेक पतसंस्थांत, शिक्षणसंस्थांत आणि घरच्या धंद्यांत हेच होतं.

त्याची किंमतही ठरलेली आहे. इथे कामापेक्षा ओळख चालते, असं एकदा कर्मचाऱ्यांना वाटायला लागलं की मन उडतं, ताण वाढतो, आणि नोकरी सोडायचा विचार बळावतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. प्रत्यक्षात किती राजकारण आहे यापेक्षा लोकांना ते किती वाटतं, यावर हे ठरतं. म्हणून निर्णय योग्य असून पुरत नाही. तो कसा घेतला, हे लोकांना दिसावं लागतं.

यात अडकलेल्याने काय करावं?

लेखी ठेवणं ही पहिली गोष्ट. तोंडी आदेश मिळाला, तर साध्या भाषेत, "आज झालेल्या बोलण्याप्रमाणे हे काम सुरू करत आहे" असा मेल किंवा टिपणी टाकावी. त्यात आरोप नको, तारीख आणि काम एवढंच. पुढे जबाबदारी ढकलली गेली, तर हा कागद उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट, आपलं काम आपण सांगणं. बरेच प्रामाणिक लोक याला मिरवणं समजतात आणि गप्प बसतात. मग ते काम सांगायला दुसराच कुणीतरी पुढे येतो.

तिसरी, एकाच माणसाच्या आधारावर न राहणं. ज्या साहेबांच्या भरवशावर सगळं, त्यांची बदली झाली की तुमचीही अडचण सुरू. वेगवेगळ्या टेबलांवर, वेगवेगळ्या गटांत चांगले संबंध असलेला माणूस सहसा एकटा पडत नाही. चहाच्या टपरीवर मारलेल्या गप्पांनाही इथे महत्त्व आहे, फक्त तिथे कुणाच्या पाठीमागे बोललेलं त्याच्या कानावर जातं हे लक्षात ठेवून.

चौथी, राजकारण आणि छळ यांतली सीमा ओळखणं. टेबल बदललं, याला राजकारण म्हणता येईल. जातीवरून अपमान, धमकी, किंवा लैंगिक स्वरूपाची वागणूक हा ऑफिस पॉलिटिक्सचा भाग नाही, तो गुन्हा किंवा कायद्याचा भंग आहे. "ऑफिसात असं चालतंच" म्हणून तो पचवायचा नसतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सांगतो, की १० किंवा अधिक लोक काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. त्यापेक्षा लहान दुकान, दवाखाना, पतसंस्था असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत करायची असते, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने मुदत वाढवू शकते.

पाचवी, दाद मागायची जागा माहीत असणं. माहितीच्या अधिकारात फाइलवरच्या टिपण्या मागता येतात आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला नियमबाह्य बदलीविरुद्ध महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जाता येतं. विदर्भासाठी त्याचं खंडपीठ नागपुरात आहे. मात्र आपली बदली टाळायला बाहेरचं राजकीय वजन आणणं हा १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार स्वतःच एक गैरवर्तनाचा प्रकार आहे. अन्याय दूर करायला गेलेला माणूस इथे स्वतःच चौकशीत सापडू शकतो.

आणि जे साहेबाच्या खुर्चीत बसले आहेत, त्यांच्यासाठी एकच गोष्ट. विरोधी मत सांगणाऱ्याला तुम्ही कसं वागवता, हे सगळं ऑफिस बघत असतं. त्या एका माणसाचं काय झालं, यावरून बाकीचे ठरवतात की पुढच्या वेळी आपण बोलायचं, गप्प बसायचं, की दुसरी नोकरी शोधायची. १६२९ मध्ये निजामशहाच्या दरबारातल्या सरदारांनीही तेच ठरवलं होतं. सिंदखेडराजाला गेलात, तर राजवाडा बघून झाल्यावर लखुजीरावांच्या समाधीपाशीही थोडं थांबा.